सीफच्या खिडकीतून : जन्मगाव पंढरपूर



दर अंकात या पानावर आम्ही थोडी थट्टामस्करी करतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, आणि घरचाच आहे. लिहिण्यापूर्वी लेकीची परवानगी घेतली. तिने मसुदा वाचला, दोन वाक्यं खोडली आणि 'आता चालेल' म्हणाली. तेव्हा उरलंसुरलं तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच मुलांच्या पासपोर्टवर जन्मस्थान म्हणून 'मनामा' लिहिलेलं असतं. आमच्या लेकीच्या पासपोर्टवर 'पंढरपूर' आहे. आम्ही पुण्यात असताना, २०१३ साली, ती दहा महिन्यांची आमच्या घरी आली. आम्ही हे तिच्यापासून कधी लपवलं नाही. इतर मुलांना काऊचिऊच्या गोष्टी सांगतात तशी तिला 'तू घरी आलीस त्या दिवसाची' गोष्ट सांगत आलो. त्यामुळे आमची समजूत अशी, की आपलं काम झालं.

एके दिवशी शाळेच्या बसमध्ये मैत्रिणीने विचारलं, "पंढरपूरला तुमचं कोण असतं गं?" तोच प्रश्न लेकीने रात्री जेवताना आमच्यासमोर ठेवला. "बाबा, तिथे माझं कोण आहे?" सौ.ने आमच्याकडे पाहिलं, आम्ही आमटीच्या वाटीकडे पाहिलं. "पुढच्या सुट्टीत जाऊन बघू," असं म्हणून वेळ मारून नेली.

ती 'पुढची सुट्टी' यायला दोन वर्षं लागली. एकदा उन्हाळा आडवा आला, एकदा आमचा प्रोजेक्ट, एकदा घरचं लग्न. इंजिनियर माणसाला कारणांची कमतरता नसते. खरं कारण एकच होतं, भीती. तिथे गेल्यावर ती आपली थोडी कमी झाली तर? हे आम्ही दोघांनी एकमेकांजवळही कबूल केलं नव्हतं.

ऑफिसातल्या एका बहारीनी सहकाऱ्याला हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडे अनाथ मुलाला घरी आणून वाढवता येतं, त्याला कफाला म्हणतात. पण त्याच्या बापाचं नाव आम्ही बदलत नाही. त्याचं मूळ त्याच्यापाशीच राहिलं पाहिजे." आपली दत्तकाची रीत याच्या उलटी. दत्तक घेतलं की आडनाव बदलतं, गोत्र बदलतं आणि मागचं सारं पुसलं असं धरून चालायचं. पण खरंच पुसलं जातं का, हा प्रश्न त्याच्या बोलण्याने आमच्या डोक्यात शिरला.

शेवटी गेल्या जुलैत आषाढीची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो. आम्ही दोघं, लेक, तिचा धाकटा भाऊ आणि पुण्याहून आमच्या मातोश्री. सोलापूर रस्त्याने टेंभुर्णीपर्यंत आणि तिथून वळून पंढरपूर. आजीचा हट्ट, आधी विठोबा. नातीचा हट्ट, आधी संस्था. आजी हरल्या. गाडीत पुटपुटल्या, "बरोबरच आहे, तोही पुंडलिकासाठी थांबलाच होता की."

ज्या संस्थेतून लेक आमच्याकडे आली, तिचं नाव इथे लिहीत नाही. पण या कामात पंढरपूर फार जुनं आहे, हे वाचकांना ठाऊक असावं. त्या काळी विधवेला दिवस गेले की तीर्थयात्रेच्या निमित्ताने तिला अशा क्षेत्री आणून सोडत. मूल तिथेच व्हायचं आणि पुष्कळदा तिथेच राहायचं. त्या जीवांसाठी १८७५ साली न्यायखात्यातले लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने तिथे बालकाश्रम निघाला. मुंबईच्या प्रार्थना समाजाने तो चालवला आणि पुढे तो वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याआधी १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तिथे जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला त्यांनी स्वतःच दत्तक घेतलं. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत.

संस्थेतल्या अधीक्षक बाई आमच्याशी न बोलता सरळ लेकीशी बोलल्या. म्हणाल्या, "तुला इथली माहिती विचारायचा हक्क आहे. अठरा वर्षांची होईपर्यंत आईबाबांबरोबर अर्ज करायचा, त्यानंतर एकटीने केला तरी चालतो. पण जिने तुला जन्म दिला तिलाही आपलं नाव झाकून ठेवायचा हक्क आहे. तो आम्ही मोडणार नाही." लेकीने मान डोलावली.

मग बाईंनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती आम्हालाही नीट माहीत नव्हती. मूल सापडणं वेगळं आणि सोपवणं वेगळं. सोपवायचं असेल तर बालकल्याण समितीपुढे यावं लागतं, कागद करावा लागतो, आणि त्यानंतर कायद्याने साठ दिवस फेरविचाराला मिळतात. त्या मुदतीत मूल परत नेता येतं. आमच्या लेकीच्या कागदावर 'सोपवलेलं' असं आहे.

तेवढ्यात एक वयस्कर मावशी आल्या. सगळ्या बाळांना न्हाऊमाखू घालणाऱ्या. वर्ष आणि महिना सांगितल्यावर त्यांनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून निरखला. "ही तर आमची रखमा! दूध प्यायला एवढी खळखळ करायची, की वाटी-चमच्याने भरवायचे मी." सौ.ने डोळ्यांना पदर लावला. लेक मात्र हसत सुटली, कारण दुधावरून आमच्या घरी आजही रोज रामायण होतं. त्यांनी पाळण्यांची खोली दाखवली. खिडकीत कडुनिंब होता. लेक तिथे बराच वेळ उभी राहिली. आम्ही मागे सरकलो. सौ.ने आमचा हात घट्ट धरला होता.

संध्याकाळी नामदेव पायरीपाशी डोकं टेकून दर्शन झालं आणि चंद्रभागेच्या वाळवंटाकडे गेलो. धाकटे चिरंजीव चुरमुरे खाण्यात दंग. लेक पाण्याकडे बघत एकदम म्हणाली, "बाबा, त्या साठ दिवसांत ती परत आली असेल का? नुसती लांबून बघायला?"

आम्ही परदेशी जाऊन मास्टर्स केलं, मोठमोठे हिशेब केले. याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. "माहीत नाही," एवढंच म्हणालो. आजी म्हणाल्या, "आली असली तर तिने तुला पाहिलं. नसली आली, तर येववलं नसेल तिला." लेक आजीच्या कुशीत शिरून रडली. तिला तसं रडताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. दहा मिनिटांनी उठून म्हणाली, "भूक लागली." वर्षानुवर्षं आम्ही भीत होतो, ते हे एवढंच होतं. ती आमची कमी झाली नाही. उलट, तिच्याबद्दलची जी गोष्ट आम्ही घाबरून टाळत होतो, ती आता आम्हा सगळ्यांची झाली.

परतीच्या विमानात एक विचार आला. १८७५ सालीच, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, तो सयाजीराव झाला. १८८४ साली कागलच्या घाटग्यांचा यशवंत कोल्हापूरला दत्तक गेला, तो शाहू झाला. कवळाणे आणि कागल आपण शाळेच्या पुस्तकात अभिमानाने वाचतो. तिथे कुणी आवाज खाली आणत नाही. मग पंढरपूरचं नाव निघालं की हॉलच्या कोपऱ्यात कुजबुज का?

म्हणून मंडळींना दोनच विनंत्या. 'हिची खरी आई कोण?' असं विचारू नका. खरी आई तिकडे पुऱ्या तळत असते आणि तिला ऐकू येतं. आणि 'टाकलेलं पोर' हा शब्द आपल्या बोलण्यातून काढून टाका. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे, त्यांना अनुभवाने सांगतो, ते विचारील तेव्हा त्याला त्याच्या गावी घेऊन जा. आमच्यासारखी दोन वर्षं घालवू नका.

आम्ही राहतो त्या सीफचा अर्थ अरबीत किनारा. पण आमची इमारत जिथे उभी आहे, तिथे पूर्वी समुद्र होता, भराव घालून जमीन केली आहे. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे ही जमीनपण दत्तक!" ही भर आमची नाही, तिचीच.

परवा शाळेचा एक फॉर्म आला. जन्मस्थानाच्या रकान्यात तिने 'पंढरपूर' लिहिलं, आणि मैत्रिणीने पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "तिथे माझी एक मावशी असते."