यंत्र घरचे, हुकूम परका

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा आधार काढून घेतला. जुलै २०१५मध्ये आलेल्या या प्रणालीवर तोवर कोट्यवधी घरगुती संगणक चालत होते आणि त्यांतील पुष्कळ यंत्रे ठणठणीत होती. परंतु विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि प्रोसेसरही कंपनीच्या यादीतलाच, म्हणजे इंटेलचा असेल तर साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचा, असावा लागतो. साहजिकच २०१५-१६च्या सुमारास हप्त्यांवर घेतलेला, टाळेबंदीतल्या ऑनलाइन शाळेपर्यंत सारे काही निभावून नेणारा संगणक एका रात्रीत अपात्र ठरला. यंत्र मोडले नव्हते. त्याची पात्रता मात्र परस्पर रद्द झाली होती.

या निरोपाच्या अटीही पाहण्याजोग्या आहेत. सुरक्षा-दुरुस्त्या आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६पर्यंत, पुरवण्याची तयारी कंपनीने दाखवली. त्यासाठी ३० डॉलर मोजा, कंपनीच्या बक्षीस-योजनेतले १००० गुण खर्च करा, नाहीतर कंपनीचे खाते उघडून सेटिंग्जचा बॅकअप तिच्या क्लाउडवर ठेवा, असे पर्याय होते. युरोपात ग्राहकांच्या संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा तिथल्या ग्राहकांपुरती बॅकअपची अट मागे घेण्यात आली. भारतीय ग्राहकाच्या वाट्याला ती सवलत आली नाही. कंपनी एकच, दुरुस्तीही एकच. अटी मात्र ग्राहकामागे कोण उभे आहे ते पाहून बदलल्या.

घरातील संगणकाच्या रोजच्या कटकटींचे खापर सहसा वापरणाऱ्याच्या अज्ञानावर फोडले जाते. ‘तुम्हीच काहीतरी दाबले असेल’ हे अशा वेळी घरातल्या तरुणांचे ठरलेले वाक्य. गेल्या वीस वर्षांतील काही प्रकरणे पाहिली, तर हा आरोप फारसा टिकत नाही. २०१५मध्ये विंडोज ७ आणि ८.१च्या यंत्रांवर ‘विंडोज १० घ्या’ अशी गळ घालणारी खिडकी अवतरली. ती आली नेहमीच्या दुरुस्त्यांच्या वाटेने. फुकटची भेट म्हणून अनेकांनी ती स्वीकारली. ज्यांना ती नको होती त्यांची अवस्था मात्र ‘भीक नको, पण कुत्रा आवर’ अशी झाली. २०१६च्या मे महिन्यात तर या चिकाटीने कळस गाठला. नव्या प्रणालीची वेळ ठरल्याचे सांगणाऱ्या खिडकीच्या कोपऱ्यातील फुली दाबून ती बंद केली, तरी ठरलेली वेळ कायम राहू लागली. विंडोजच्याच जगात फुलीचा अर्थ वर्षानुवर्षे ‘नको’ असा होता. इथे ती संमती ठरली. टीका झाल्यावर कंपनीने ही पद्धत बदलली. याच मोहिमेत संगणक बिघडून धंद्याचे नुकसान झाले, अशी तक्रार घेऊन कॅलिफोर्नियातील एक प्रवास-व्यावसायिक महिला लघुवाद न्यायालयात गेली आणि दहा हजार डॉलरची भरपाई मिळवून आली. हा निकाल २०१६मध्ये गाजला. पण दहा हजार डॉलरसाठी न्यायालयाची पायरी चढणारे किती निघणार?

हा एकाच कंपनीचा दोष नव्हे. २००५मध्ये सोनी बीएमजीने आपल्या काही संगीत-सीडींत नकलेला प्रतिबंध करणारे सॉफ्टवेअर घातले होते. गाणी ऐकण्यासाठी सीडी संगणकात घातली, की ते स्वतःला प्रणालीच्या पोटात दडवून घेई. मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने त्या वर्षी ऑक्टोबरअखेर हा प्रकार उजेडात आणला आणि थोड्याच दिवसांत व्हायरस लिहिणाऱ्यांनी लपण्यासाठी तीच जागा वापरायला सुरुवात केली. कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. २०१५मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच आलेले सुपरफिश हे जाहिराती घुसडणारे सॉफ्टवेअर सापडले. बँकेच्या संकेतस्थळाशी होणारा कूटबद्ध संवाद ते मध्येच उघडून पाहू शकत होते, आणि त्यासाठीची गुप्त किल्ली सर्व यंत्रांत एकच होती. म्हणजे एका घराची किल्ली हाती आली, की साऱ्या वसाहतीचे दरवाजे उघडे.

अवास्टचे प्रकरण मात्र या सर्वांवर कडी करणारे आहे. अँटिव्हायरस म्हणजे घराचा राखणदार. पुण्यात क्विक हीलसारखी कंपनी याच गरजेतून मोठी झाली आणि वर्षाकाठी अँटिव्हायरसचे नूतनीकरण करणे हा मराठी मध्यमवर्गीय घरांचा नेम बनला. ज्यांना तो खर्च नको होता, त्यांनी अवास्टसारख्या फुकट राखणदाराला घरात घेतले. या राखणदाराने ग्राहक कोणकोणत्या संकेतस्थळांवर जातात याची तपशीलवार माहिती गोळा केली आणि जंपशॉट या उपकंपनीमार्फत ती विकली. २०२०च्या जानेवारीत हा बोभाटा झाल्यावर जंपशॉट बंद करण्यात आली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४मध्ये कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आणि अशी माहिती जाहिरातींसाठी न विकण्याचा आदेश काढला. कुंपणानेच शेत खाल्ल्याचे याहून चपखल उदाहरण सापडणे कठीण.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर हाहाकार माजवला, तेव्हा त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झालेली होती. ती न बसवलेली यंत्रे बळी पडली. दुरुस्त्या टाळणे हा शहाणपणा नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले. अडचण अशी, की ज्या वाटेने दुरुस्ती येते त्याच वाटेने विक्रीही येते. सुरक्षेची सूचना, क्लाउडची जागा भरल्याचा इशारा, ब्राउझर बदलण्याची विनंती, चाचणी-काळ संपत आल्याची घोषणा, या सर्वांचा पेहराव आणि आवाज सारखाच असतो. वनड्राइव्हचेच पाहावे. त्याचा बॅकअप सुरू झाला, की डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्समधल्या फायलींचा मुक्काम कंपनीच्या क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरात हलतो. फुकट मिळणारी पाच जीबी जागा छायाचित्रांनी पाहता पाहता भरते आणि मग जागा विकत घेण्याचे आर्जव सुरू होते. नकाराचे बटण बहुधा नसतेच. असते ते ‘आत्ता नको’. दारावरच्या विक्रेत्याला नको म्हणता येते. ‘आत्ता नको’ एवढेच म्हणण्याची मुभा असेल, तर तो उद्या पुन्हा येणार हे उघड आहे.

या भडिमाराचा खरा तोटा वेळ वाया जाण्यापुरता नाही. खरी सूचना कोणती आणि खोटी कोणती, हे ओळखण्याची शक्तीच त्याने बोथट होते. मुले बंगळूरला किंवा अमेरिकेत, आणि घरी सत्तरीतले आईवडील संगणकासमोर, हे चित्र डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत सर्वत्र आहे. अशा घरात अचानक पडदा लाल होतो, भोंगा वाजतो आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर झळकतो. रोज शंभर खऱ्या-अर्धखऱ्या खिडक्यांना होकार देण्याची सवय लावलेला माणूस या एकशेएकाव्या खिडकीलाही होकार देतो, यात नवल ते काय? फोन केला, की पलीकडचा ‘तंत्रज्ञ’ दूरस्थपणे संगणकाचा ताबा घेतो आणि पाठोपाठ बँक-खात्याचाही. या धंद्याची अनेक केंद्रे भारतातच आहेत, ही आणखी एक शोचनीय बाब. सीबीआयने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये घातलेल्या छाप्यांत मायक्रोसॉफ्टच्या नावाने असे फोन घेणारी केंद्रेही होती.

भारतीय कायद्याने या बाबतीत अगदीच डोळेझाक केलेली नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यांत १३ फसव्या रचनांची यादी आहे. ग्राहकाचा वारंवार पिच्छा पुरवणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे, अमुक केल्याशिवाय तमुक मिळणार नाही अशी सक्ती करणे आणि खोट्या व्हायरसची भीती घालणे हे सारे प्रकार त्या यादीत नावानिशी आहेत. व्याख्या चांगल्या आहेत. पण चर्चा आणि सूचना यांचा रोख आजवर मुख्यतः ऑनलाइन खरेदीच्या दुकानांकडे राहिला. संगणकाच्या प्रणालीतूनच होणारी लगट तिच्याकडे त्या नजरेने कोणी पाहिले, तरच कायद्याच्या कक्षेत येईल.

तोवर घरापुरते काही उपाय हाताशी आहेत, आणि त्यांतले बहुतेक फुकट आहेत. विंडोज १० आणि ११मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच असतो. सामान्य वापरासाठी तो पुरतो. लॅपटॉपसोबत चाचणीसाठी आलेले दुसरे सॉफ्टवेअर काढून टाकल्याने सुरक्षा जात नाही, कटकट जाते. भोंगे वाजवणाऱ्या खोट्या इशाऱ्यांतले पुष्कळसे व्हायरसमुळे नव्हे, तर कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला नोटिफिकेशनची परवानगी दिल्याने येतात. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ती काढून घेता येते. पडदा अडकलाच तर फोन न करता संगणक सरळ बंद करावा. ज्येष्ठांसाठी अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेले वेगळे खाते काढून दिले, तर परस्पर काही बसवले जाण्याला चांगलाच आळा बसतो. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवावे तितकी गेलेली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

अपात्र ठरलेल्या जुन्या संगणकांवर लिनक्स मिंटसारखी मुक्त प्रणाली बसवण्याचा सल्ला जाणकार देतात आणि तो वाजवी आहे. पत्रलेखन, ईमेल, चित्रपट, युनिकोडमधील मराठी हे सारे तिच्यावर सुखाने चालते. जाहिरात नाही, खात्याची सक्ती नाही. मात्र प्राप्तिकर विवरणपत्राची एक्सेल-युटिलिटी विंडोजच गृहीत धरते, आणि युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या जुन्या मराठी फायली ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाल्या तेही बहुधा विंडोजचेच असते. संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांचे मजकूर, कुणाच्या निवृत्त वडिलांचे आत्मचरित्र अशा फायलींत अजून पडून आहे. ते युनिकोडमध्ये आणून ठेवण्याचे काम जुना संगणक सुरू आहे तोवरच करून घ्यावे लागेल.