वाफेचे युग संपले, असे कोण म्हणते?

१/ २२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा हीरक महोत्सव. त्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हा प्रसंग आपल्याला पाठ आहे. त्याच महोत्सवातला दुसरा प्रसंग मात्र आपण सहसा वाचत नाही.

२/ चारच दिवसांनी, २६ जूनला, इंग्लंडमध्ये स्पिटहेड येथे आरमाराचे भव्य संचलन भरले होते. ‘टर्बिनिया’ नावाची एक चिमुकली नौका निमंत्रण नसताना त्या रांगांमध्ये घुसली. तिचा वेग ३४ नॉटच्या आसपास होता आणि पाठलागावर निघालेल्या गस्ती नौकांना ती सापडली नाही. तिचा निर्माता होता चार्ल्स पार्सन्स आणि तिच्या पोटात होते वाफेचे टर्बाइन.

३/ मित्रहो, आज मांडायचे आहे ते मत असे: ‘वाफेचे युग संपले आणि विजेचे युग आले’ हे आपल्या पुस्तकांतले वाक्य चुकीचे आहे. वाफ संपली नाही. ती रुळांवरून उठून भिंतींच्या आड गेली, एवढेच.

४/ आधी यंत्र समजून घेऊ. जुन्या इंजिनात वाफ दट्ट्याला ढकलते. दट्ट्या पुढे जातो, थांबतो, मागे येतो, आणि या ये-जा करण्याचे रूपांतर दांड्यांच्या साह्याने चाकाच्या फिरण्यात करावे लागते. टर्बाइनमध्ये ही ये-जाच नाही. उच्च दाबाची तप्त वाफ अरुंद तोंडातून सुटते, दाब उतरतो आणि वेग वाढतो. हा झोत पात्यांवर आदळून वळतो आणि त्याबरोबर आस फिरतो.

५/ कुकरच्या शिट्टीतून सुटणारी वाफ आठवा. आतला दाब बाहेर पडताना वेग होतो. टर्बाइनचे मर्म तेच.

६/ अडचण वेगाचीच होती. झोताची गती चांगली उतरवून घ्यायची, तर पात्याचा वेग झोताच्या सुमारे निम्मा हवा. सगळा दाब एकाच टप्प्यात उतरवला, तर चाक भयानक वेगाने फिरवावे लागते. स्वीडनच्या द लाव्हालची छोटी चाके मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या घरात जात.

७/ पार्सन्सने दाब थोडाथोडा, अनेक टप्प्यांत उतरवला. एक रांग स्थिर पात्यांची, एक फिरत्या पात्यांची, पुन्हा स्थिर, पुन्हा फिरती. वाफ पुढे सरकते तशी प्रसरण पावते, म्हणून पातीही लांब होत जातात. शेवटी थंड पाण्याच्या नळ्यांवर तिचे पुन्हा पाणी होते. तेथे जवळजवळ निर्वात पोकळी राहते आणि वाफेतली उरलीसुरली शक्तीही वसूल होते.

८/ आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. १८८४ मधले पार्सन्सचे पहिले टर्बाइन जोडलेले होते ते डायनॅमोला. म्हणजे ज्या विजेने वाफेला ‘निवृत्त’ केले असे आपण म्हणतो, तिच्यासाठीच या यंत्राचा जन्म झाला होता.

९/ आता आपल्या घाटात येऊ. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली, तीही विजेच्या इंजिनावर. मग बोरघाटातून वाफ गेली का? मुंबई–पुणे मार्गाला वीज पुरवण्यासाठी जीआयपी रेल्वेने ठाकुर्लीला कोळशावर चालणारे स्वतःचे वीजकेंद्र उभारले होते. तेच चोळा पॉवर हाउस. धूर गाडीच्या डोक्यावरून निघून ठाकुर्लीच्या धुराड्यातून निघू लागला. प्रवाशाला स्वच्छ खिडकी मिळाली, काजळी दुसऱ्या गावच्या वाट्याला गेली.

१०/ मुंबईची वीज म्हटले की आपल्याला टाटांची धरणे आणि १९२१ चा मुळशी सत्याग्रह आठवतो, आणि आठवायलाच हवा. सेनापती बापट आणि मावळचे शेतकरी उभे राहिले, म्हणून त्या पाण्याची किंमत इतिहासात नोंदली गेली. चोळ्याच्या भट्टीपुढे राबणाऱ्यांचे नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल? संघर्ष घडला की इतिहास लिहिला जातो. यंत्र बिनबोभाट चालत राहिले की त्याच्याजवळची माणसेही दिसेनाशी होतात. हा दोष यंत्राचा नाही, आपल्या वाचनाचा आहे.

११/ वारज्यातल्या माझ्या खोलीत रात्री दोन वाजता दिवा जळतो, तेव्हा राज्याच्या जाळ्यात कुठेतरी वाफेचा आस मिनिटाला ३,००० फेरे घेत असतो. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. १९६९ पासून चालणारे तारापूरचे अणुकेंद्रही शेवटी पाणीच उकळते. कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश ते दोन पंचमांश भागाचीच वीज होते. बाकीची उष्णता आणि सगळी राख विदर्भातच राहते. उजेड मात्र आपल्याकडे येतो.

१२/ कोणी म्हणेल, हा तर अभियांत्रिकीचा विषय. मला तसे वाटत नाही. शक्ती कोठे निर्माण होते, कोणाच्या अंगणात आणि कोणासाठी, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. गडकोटांची मोजमापे आपण आवडीने घेतो. तीच नजर धुराड्यांकडेही वळायला हवी.

१३/ चोळ्याचे केंद्र बंद होऊन तीन दशके उलटली. तेथे राबलेले हात आता थकले आहेत. आपल्या घरात, चाळीत, नात्यात रेल्वेच्या किंवा औष्णिक केंद्राच्या पाळ्या केलेले आजोबा असतील, तर या सुटीत त्यांच्याजवळ बसा आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. भट्टी कशी पेटवत, पाळी किती तासांची, अपघात झाला तर काय होई, एवढे जरी विचारलेत तरी पुरे. दप्तरखान्यात यंत्रांचे आराखडे कदाचित सापडतील, पण या आठवणी तेथे नसतील.