तांबेरा ज्वारीचा, आळ गव्हाचा



परवा बांधावर जरा वाजलं. शेजारचे तात्या म्हणाले, "तुझ्या ज्वारीवरचा तांबेरा माझ्या गव्हात उतरला बघ. पान चोळलं की बोटं तांबडी होतायत." तात्या वडीलधारे, म्हणून तिथं गप्प बसलो. पण हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे, म्हणून इथं लिहितोय.

ज्वारीचा तांबेरा गव्हावर येत नाही. मक्याचाही येत नाही. भुकटी सारखीच दिसते, पण बुरशी वेगळी आणि तिचं पीक ठरलेलं. गंमत म्हणजे बाजरीच्या तांबेऱ्याच्या जीवनचक्रातला एक टप्पा चक्क वांग्याच्या पानावर होतो! तेव्हा नुसता शेजार बघून आळ घेऊ नये.

मग तात्यांच्या गव्हावर आला कुठून? काळा तांबेरा निलगिरी-पळणीच्या डोंगरात उन्हाळाभर गव्हावर तग धरतो, तिथून त्याचे बीजाणू वाऱ्यावर शेकडो किलोमीटर येतात. नारिंगी तांबेराही वाऱ्यावरच येतो. पानावर दव राहिलं की पुढचं काम सोपं. वारा काय आपल्याला अडवता येत नाही. पण तो आल्यावर त्याला समोर काय मिळतं, ते आपल्या हातात आहे.

आमच्या शिवारात जिकडं तिकडं लोक-१. पोळी चांगली, बी घरचं. मीही पेरलाय, खोटं कशाला बोलू? पण तो तांबेऱ्याला लवकर बळी पडतो. आणि प्रतिकारक वाण घेतला तरी सगळ्यांनी एकच घेऊ नये. वाणातलं प्रतिकारक जनुक म्हणजे कुलूप. बुरशी बदलत राहते. तिला एक किल्ली सापडली की गावातली सगळी दारं एकदम उघडतात.

हे जगानं बघितलंय. राय या पिकातून गव्हात आणलेल्या एसआर-३१ या एका जनुकावर कितीतरी देशांतले वाण विसंबून होते. युगांडात काळ्या तांबेऱ्याचा युजी-९९ हा प्रकार निघाला आणि ते कुलूप उघडलं.

म्हणून माझं मत: गावानं मिळून दोन-तीन वाण वाटून पेरावेत. त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती हे निफाडच्या केंद्राचे वाण आहेतच. पण नावं वेगळी असली तरी आतलं जनुक एकच असू शकतं. तेव्हा कृषी शास्त्रज्ञ मंडळींना विनंती, शिफारशीत नुसतं 'तांबेरा प्रतिकारक' लिहू नका. कुठल्या जनुकामुळं, तेही लिहा. आम्हाला कळतं, साहेब.

तात्यांना उद्या चहाला बोलावलंय. पुढच्या रब्बीत त्यांनी एक वाण घ्यायचा, मी दुसरा.

तुमच्या शिवारात यंदा कुठला गहू जास्त आहे? खाली लिहा.