गुबगुबीत अक्षरांचा बालू

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की पेंचचं जंगल लागतं. पलीकडे शिवनी. किपलिंगच्या 'जंगल बुक'मधला (१८९४) मोगली याच शिवनीच्या डोंगरांतला. त्याला जंगलाचे कायदे शिकवणारं झोपाळू अस्वल आठवतं ना? बालू! त्याच्या नावाचा एक फाँट आहे. मुंबईच्या 'एक टाइप'च्या मंडळींनी तो तयार केला. अक्षरं जाडजूड, गोल कडांची, पोटभर जेवून बसल्यासारखी. गुजरातीत हाच 'बालू भाई', बंगालीत 'बालू दा', मल्याळममध्ये 'बालू चेट्टन'. म्हणजे भाऊच की! आपल्या विदर्भात 'बालूभाऊ' म्हटलं असतं.

पण देवनागरी अक्षर लठ्ठ करणं सोपं नाही बरं का. वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, खाली उकार. रेघ जाड झाली की आतली मोकळी जागा बुजते. 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावरची फट मिटली, तर 'भामा'चा 'मामा' आणि 'धन'चं 'घन' व्हायचं! याच मंडळींच्या 'मोदक' फाँटमध्ये तर आतली जागा केसाएवढीच ठेवलीय. मोठ्या आकारात काय ऐट दिसते! बारीक केलं की नुसते काळे ठिपके.

म्हणून असे फाँट गॅदरिंगच्या फलकाला, हस्तलिखिताच्या मुखपृष्ठाला वापरा. अख्खा निबंध त्यात काढलात तर बाई वैतागतील. दोन्ही फुकट मिळतात. आईबाबांच्या मदतीने कॉम्प्युटरवर घ्या, 'भामाचं धन' आधी मोठं, मग बारीक छापा आणि आजीला दुरून वाचायला सांगा. काय वाचलं?