झेल कोणी घेतला?

गेल्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तो एक लहानसा काळा डबा घेऊन. आकाराने लाडवापेक्षा थोडा मोठा. म्हणाला, "बाबा, आता त्या कॅसेटी काढून टाका. याला नुसतं सांगायचं, जाझ लाव. जगातलं सगळं जाझ यात आहे." सांगून पाहिले. डब्याने तत्परतेने कुठलासा सॅक्सोफोन सुरू केला. आवाज स्वच्छ, वादन सुरेख. मी विचारले, "कोण वाजवतंय?" डब्याने एक नाव सांगितले. "आणि मागे ड्रमवर कोण आहे?" यावर मात्र आपल्याला हे समजले नाही, असे तो नम्रपणे म्हणाला. मुलगा हसला. "बाबा, ऐका ना नुसतं. ड्रमवाल्याचं नाव कळून काय करायचंय?"

प्रश्न वाजवी होता. त्याचे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही. ते आज देऊन पाहतो.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात नोकरी करणाऱ्या माणसाला जाझचे वेड लागावे, हे आमच्या वसाहतीत कोणालाच पटत नसे. ऊर्जानगर म्हणजे कोळसा, राख, इरई धरणाचे पाणी आणि तीन पाळ्या. १९८३ साली पहिला संच सुरू झाला आणि त्यानंतर वर्षभरात मी इथे रुजू झालो. वेड मात्र आधीचे, नागपूरला कॉलेजात असतानाचे. लघुलहरींवर व्हॉइस ऑफ अमेरिका लागत असे आणि त्यावर विलिस कोनोव्हर नावाचा एक गृहस्थ धीम्या, भारदस्त आवाजात जाझचा कार्यक्रम सादर करी. १९५५ पासून १९९६ साली मृत्यू येईपर्यंत त्याने हे काम केले. गंमत अशी, की ते केंद्र परदेशांसाठी असल्यामुळे जगभर लक्षावधी लोक त्याला ओळखत आणि त्याच्या स्वतःच्या देशात तो जवळपास अनोळखी राहिला. खरखरीतून जेवढे ऐकू येई तेवढे मी वहीत टिपून घेई: ट्रम्पेट अमुक, पियानो तमुक, ड्रम फलाणा. सूर पुढे समजले, नावे आधी पाठ झाली.

पगार सुरू झाल्यावर कॅसेट विकत घेण्याचे दिवस आले. चंद्रपुरात जाझ मिळणे शक्यच नव्हते. मुंबईला कार्यालयीन कामाने जाणे झाले, की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये एक संध्याकाळ राखून ठेवायची. ते दुकान २०१६ साली बंद झाले. एका फेरीत एकच कॅसेट, हा घरातला ठराव होता आणि तो मोडण्याची ऐपतही नव्हती. त्यामुळे निवड करायला दोन तास लागत. दहा हाती घ्यायच्या, मागचा मजकूर वाचायचा, नऊ परत ठेवायच्या. परतीच्या गाडीत ऐकायची सोय नसे, म्हणून आतला घडीचा कागद वाचत यायचे. नागपूर येईपर्यंत तो पाठ झालेला असे. घरी आल्यावर एकदा ऐकून आवडली नाही, तर पुन्हा ऐकायची. पैसे दिले होते ना! अशी पाचव्या-सहाव्या वेळी आवडलेली कॅसेट जन्मभर पुरते, असा माझा अनुभव आहे. आता न आवडलेले गाणे तीन सेकंदांत पुढे ढकलता येते. सोय झाली खरी, पण पाचव्यांदा ऐकण्याची पाळी त्यामुळे येतच नाही.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये बॉयलर विभागातले एक गृहस्थ राहत. मूळचे अकोल्याकडचे. त्यांचे वेड क्रिकेट, पण तऱ्हा वेगळी. ते सामना नुसता पाहत नसत, लिहून काढत. टीव्हीसमोर पाटावर वही, शेजारी दोन पेन्सिली. प्रत्येक चेंडूची नोंद. माझ्या घरातून येणाऱ्या आवाजाबद्दल त्यांचे मत फारसे बरे नव्हते. "काय भाऊ, हे कोणती पिपाणी वाजवून राहिले तुम्ही? लगन आहे का घरी?" असे भिंतीपलीकडून विचारीत.

एका रविवारी मी त्यांना बसवून माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ऐकवली. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये दोन दिवसांच्या ध्वनिमुद्रणात ती तयार झाली. आधी ठरवलेले फार थोडे, बाकी जागच्या जागी सुचलेले. म्हटले, हे वाजवणारे एकेक करून पुढे येतात. पहिले गाणे आहे 'सो व्हॉट', त्यात कोणानंतर कोण येतो ते बघा. त्यांनी लगेच वही मागवली. पियानो आणि बास यांनी सुरुवात केली. मग माइल्स डेव्हिसचे ट्रम्पेट, त्यानंतर जॉन कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, मग कॅननबॉल ॲडर्लीचा आल्टो, मग बिल एव्हन्सचा पियानो. गाणे संपल्यावर त्यांनी फलंदाजीचा क्रम वाचून दाखवला आणि म्हणाले, "हे तर समजलं. पण तो ड्रमवाला अन् तो जाड्या तारेवाला, ते पूर्ण वेळ तिकडच्या टोकाला उभेच आहेत. एकेक धाव काढून स्ट्राइक देऊन राहिले. त्यांचं नाव लिवा." मी कागद पाहून सांगितले: ड्रमवर जिमी कॉब, बासवर पॉल चेंबर्स. त्यांनी ती नावे अधोरेखित करून लिहिली. जाझची इतकी अचूक समीक्षा मी पुढे कुठल्या पुस्तकात वाचली नाही. त्या सहा-सात जणांतला शेवटचा, जिमी कॉब, २०२० साली गेला, तेव्हा ही ओळ मला आठवली.

मग मीही त्यांच्याकडे सामने पाहू लागलो. ३१ ऑक्टोबर १९८७ चा नागपूरचा विश्वचषक सामना आम्ही त्यांच्याच टीव्हीवर पाहिला. चेतन शर्माने न्यूझीलंडच्या रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे लागोपाठ त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅट्‌ट्रिक. पुढे जे घडले ते त्याहून नवलाचे. संयमाचा पुतळा म्हणून ज्यांची ख्याती, त्या सुनील गावसकरांनी अंगात ताप असताना ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा झोडपल्या. १०८ एकदिवसीय सामन्यांतले त्यांचे ते एकमेव शतक. अठ्ठ्याण्णव वेळा आलाप घेणाऱ्या गवयाने एकाएकी द्रुत तान मारावी, तसे. उद्या काय वाजणार हे आज ठाऊक नसणे, यातच जाझची आणि खेळाची खरी सोयरीक आहे, असे मला त्या दिवशी वाटले.

दुसरी सोयरीक मात्र शेजाऱ्यांच्या वहीने दाखवली. क्रिकेटचा धावफलक हा मोठा न्यायी कागद आहे. 'झे. अमुक गो. तमुक' असे त्यात लिहिलेले असते. बळी गोलंदाजाच्या खात्यावर जातो, तरी झेल घेणाऱ्याचे नाव सुटत नाही. तो दिवसभर दुसरे काही न करता सीमारेषेवर उभा असला, तरी तेवढ्या एका झेलापुरता तो इतिहासात राहतो. जाझच्या रेकॉर्डचेही तसेच. प्रमुखाचे नाव मोठ्या टायपात, पण मागे बास वाजवणाराही लहान अक्षरांत हजर असतो.

आपल्याकडच्या रेकॉर्डचे तसे नव्हते. गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ मुंबईत 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवीत. लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र, म्हणजे आपले अण्णा चितळकर, यांच्या संगीतात जो पाश्चात्त्य ठेका खेळतो, त्यामागे या माणसाचा हात होता. 'अलबेला' (१९५१) चित्रपटात ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागचा तो भरगच्च वाद्यवृंद बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल शिकले, आणि शिष्याने 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यात गुरूचे नाव घालून ऋण फेडले. पण आपण मात्र ते नाव पडद्यावरच्या पात्राचे समजलो! ही गाणी तुमच्या-आमच्या लग्नांत वाजली, गणपतीत वाजली. रेकॉर्डवर गायक, गीतकार, संगीतकार असत. ट्रम्पेट कोणाचे, हे बहुधा कोठेच नसे. झेल घेतला गेला, पण धावफलकात त्याची नोंद झाली नाही.

हे मी इतक्या तावातावाने लिहितो आहे, तेव्हा माझ्या स्वतःच्या वहीबद्दलही सांगितले पाहिजे.

सप्टेंबर १९९७. टोरांटोला भारत-पाकिस्तान मालिका सुरू होती. तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे सामना आपल्याकडे मध्यरात्र उलटेपर्यंत चाले. १८ तारखेला सौरव गांगुलीने १६ धावांत ५ बळी घेतले, त्या रात्री माझी रात्रपाळी होती. पावसाळ्याचे दिवस. कोळसा ओला झाला, की त्याचा चिखल होतो, तो बंकरच्या आणि शूटच्या भिंतींना चिकटून बसतो आणि खाली गिरणीत उतरत नाही. कोळसा थांबला, की आग मंदावते; आग गेली, की संच बंद पडतो. त्या रात्री कोळसा वारंवार अडत होता. ठेकेदाराची पाच-सहा माणसे, बहुतेक पंचविशीच्या आतली, लोखंडी घण घेऊन पहाटेपर्यंत शूट ठोकत उभी होती. अंगावर काळा रेंदा, कानात तो धडाम् धडाम् आवाज. मधूनच एखादा विचारी, "साहेब, स्कोर काय झाला?" संच पडला नाही. पहाटे मी लॉगबुकात लिहिले, की ओल्या कोळशामुळे प्रवाह खंडित झाला होता, तो पूर्ववत करण्यात आला. खाली माझी सही.

सकाळी घरी आलो, तर शेजारी वही घेऊन ओट्यावर बसलेले. मला सगळा सामना वाचून दाखवला. कोणता झेल कोणी घेतला, सगळे. मग म्हणाले, "अन् तुमचा सामना कसा झाला?" मी रात्रीची हकिगत सांगितली. त्यांनी पेन्सिल उचलली. "मंग लिवतो ना. झेल कोणी घेतला?"

मला एकही नाव सांगता आले नाही.

नावे लिहिण्याची पद्धत नव्हती, हे खरे आहे. पण मला कोणी अडवलेही नव्हते. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ३८ वर्षांपूर्वी ड्रम कोणी वाजवला, हे मी झोपेतही सांगू शकलो असतो. ज्या माणसांनी माझ्यापासून शंभर पावलांवर रात्रभर घण मारला, त्यांना मी 'पोरांनो' म्हणत होतो. त्या रात्री मुंबई-पुण्यात ज्यांनी टाळ्या वाजवत सामना पाहिला, त्यांच्या टीव्हीतल्या विजेत त्या घणांचा वाटा होता. वीज आली की ती कोणाची, हे कोणी विचारत नाही, असे आम्ही वीजवाले नेहमी कुरकुरतो. आम्ही तरी आमच्या खालच्यांबद्दल कधी विचारले?

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. ड्रमवाल्याचे नाव कळून गाणे अधिक गोड लागत नाही. पण नाव कळले, की तो ठेका आपोआप पडत नसून कोणीतरी पाडतो आहे, हे ध्यानात राहते. एकदा ती सवय लागली, की माणूस हॉटेलात, बसमध्ये, कारखान्यातही 'हे कोणी केले' असे विचारू लागतो. निदान लागायला हवा. माझ्या बाबतीत ती सवय कॅसेटच्या कागदावरच थांबली, हा दोष कॅसेटचा नाही.

म्हणून डबा मी परत केला नाही. रोज सकाळी तो वाजतो. पण मुलाला एक सांगितले आहे. वर्षातून एकदा, पैसे देऊन, कव्हरवर नावे छापलेला एक पूर्ण अल्बम विकत घ्यायचा आणि नातवाला शेजारी बसवून आधी मागची बाजू वाचायची. सामनाही अधूनमधून असा पाहायचा, की शेवटी धावफलक मोठ्याने वाचून टीव्ही बंद करायचा. खापरखेड्याजवळच्या वलनीत खाणकामगाराच्या घरी वाढलेला उमेश यादव २०११ साली कसोटी खेळला, तेव्हा आमच्याकडच्या कोळसावाल्यांनी त्याचे नाव पडद्यावर कसे डोळे भरून वाचले, हे मी पाहिलेले आहे. छापील नावाची किंमत ज्यांचे नाव कधी छापले जात नाही, त्यांना चांगली कळते.

निवृत्तीनंतर मी ऊर्जानगरचा क्वार्टर सोडला, पण तुकूमच्या घराच्या गच्चीवरून चिमण्या दिसतात. शेजारी गावी गेले आणि काही वर्षांनी वारले. त्यांच्या मुलाने वह्या माझ्याकडे आणून दिल्या. १८ सप्टेंबर १९९७ च्या पानावर, अवांतर धावांच्या खाली, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेले आहे: 'थर्मल, रात्रपाळी. झे.' आणि पुढे मोकळी जागा.

या हिवाळ्यात मी दुर्गापूरच्या चहाच्या टपऱ्यांवर जाऊन बसू लागलो आहे. अंधार पडायच्या आत परतावे लागते, कारण झुडपातून बिबट्या केव्हा निघेल याचा नेम नसतो. जुन्या माणसांना विचारतो: सत्त्याण्णव साली कोळशावर कोण कोण होते? बरेच जण पांगले आहेत. तरी मागच्या आठवड्यात एक नाव मिळाले. घरी येऊन ते पेन्सिलीने त्या मोकळ्या जागेत लिहिले. अजून चार-पाच राहिली आहेत.