भाऊ असणे पुरेसे नसते

सेर्जियो आणि ओदाईर असाद या ब्राझिलियन गिटारवादक बंधूंविषयी लिहिताना एक कल्पना हटकून वापरली जाते: देह दोन, आत्मा एक. स्तुती म्हणून हे ठीक. समीक्षा म्हणून मला ते आळशीपणाचे वाटते. भाऊ आहेत म्हणून जमते, असे एकदा म्हटले की पुढे ऐकण्याची गरजच उरत नाही.

या तर्काला छेद देणारे उदाहरण त्यांच्या गुरूंकडेच सापडते. सेर्जियो यांचा जन्म 1952 चा, ओदाईर यांचा 1956 चा. वडील मँडोलिनवर शोरो, म्हणजे ब्राझीलमधले शहरी वाद्यसंगीत, वाजवीत. मुले त्यांच्या साथीला गिटार धरू लागली आणि पुढे रिओत मोनिना तावोरा यांच्याकडे शिकली. तावोराबाई सेगोव्हियांच्या शिष्या. त्यांच्याच हाताखाली आधी सेर्जियो आणि एदुआर्दो अब्रेऊ हे भाऊ तयार झाले होते. अब्रेऊंची ध्वनिमुद्रणे आजही ऐकणाऱ्याला स्तब्ध करतात. पण 1970 च्या दशकात एदुआर्दो यांनी मैफल सोडली. पुढे सेर्जियो अब्रेऊही वादन थांबवून गिटारी घडवू लागले, त्यातही नावाजले आणि 2023 मध्ये गेले. गुरू त्याच, शहर तेच, सख्खेपणा तेवढाच. मग असादच का टिकले?

माझ्या मते, वाजवायला काय उरले आहे हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. दोन गिटारींसाठी लिहिलेले संगीत मुळात थोडे. सेर्जियो असाद यांनी रामो, स्कार्लाती यांच्या रचना दोन गिटारींवर आणल्या, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतः रचना केल्या. थोरला असा लिहीत राहिला आणि धाकट्याने, ज्याच्या उजव्या हाताचा वेग मला अजून उलगडलेला नाही, ते लिखाण कसाला लावले. ही कामाची वाटणी आहे, रक्ताची करामत नव्हे. पुढे ओदाईर ब्रसेल्सला आणि सेर्जियो अमेरिकेत स्थायिक झाले, तरी जोडी मोडली नाही, हेही ‘एका आत्म्या’वाल्यांनी ध्यानात घ्यावे.

शिवाय गिटारजोडी हा निर्दय प्रकार आहे. व्हायोलिनचा स्वर गजाने हळूच उगवतो. त्यात केसभर चूक लपते. गिटारीची तार छेडली की स्वराला टोकदार सुरुवात असते आणि लगेच तो विरू लागतो. दोघांत किंचित अंतर पडले तरी एका टिचकीच्या दोन टिचक्या होतात. (आपल्याकडे कोणी याला जुगलबंदी म्हणतात, ते चूक आहे. येथे सवाल-जवाब नाहीत, जवळजवळ सारे लिहिलेले आहे.)

त्यांचे सारेच मला रुचते असे नाही. आई-वडील, बहीण, मुलगी यांना घेऊन केलेल्या कौटुंबिक मैफलींत जिव्हाळा आहे, पण धार उणावते. मी परत परत वळतो तो आस्तोर पियाझोला यांनी 1980 च्या दशकात खास या दोघांसाठी लिहिलेल्या ‘टँगो स्वीट’कडे, विशेषतः मधल्या संथ भागाकडे. येथे लय ठोक्याला बांधलेली नाही. ती लांबते, आखडते, मध्येच जणू थांबते. इशारा करणारा कोणी नाही. एका स्वरापाशी दोघेही रेंगाळतात, अपेक्षेहून जरा अधिकच, आणि पुढचा स्वर दोन्ही गिटारींतून एकाच क्षणी पडतो.