विश्लेषण : प्रॉक्सी वापरल्याने ओळख खरेच लपते का?

मंडणगडमध्ये बसून मोबाइल डेटावर स्वतःचा आयपी पत्ता तपासला, तर अनेकदा ठिकाण मुंबई किंवा पुणे दिसते. ‘आपण कुठे आहोत हे इंटरनेटला कळतच नाही’, असा समज त्यातून होतो. त्यावर एखादे मोफत प्रॉक्सी किंवा व्हीपीएन ॲप घेतले, की आपण पूर्ण निनावी झालो अशी खात्रीच वाटू लागते. दोन्ही समज अर्धवट आहेत आणि अर्धवट समजावर ठेवलेला भरवसा महागात पडू शकतो.

ठिकाण चुकीचे का दिसते?

मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटून देतात. ही वाहतूक बहुधा मोठ्या शहरातील केंद्रातून बाहेर पडते. त्यामुळे संकेतस्थळाला त्या शहराचे नाव दिसते. मात्र कोणत्या वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद कंपनीकडे असते. तपास यंत्रणा कायदेशीर मार्गाने तीच नोंद मागवतात. म्हणजे संकेतस्थळाला गाव दिसले नाही, तरी कंपनीला ग्राहक माहीत असतो.

प्रॉक्सी नेमके काय करतो?

कोकणात गावाहून मुंबईला काही पाठवायचे असेल, तर एसटीने निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती पिशवी दिली जाते. घेणाऱ्याला फक्त आणणारा दिसतो. पिशवी कोणी आणि कोणासाठी दिली, हे आणणाऱ्याला ठाऊक असते. प्रॉक्सी सर्व्हरचे काम असेच चालते. संकेतस्थळाला वापरकर्त्याऐवजी प्रॉक्सीचा पत्ता दिसतो, पण प्रॉक्सी चालवणाऱ्याला दोन्ही टोके दिसतात. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असेल तर पिशवीला कुलूप असते. आतला मजकूर प्रॉक्सीला वाचता येत नाही. तरीही कोणत्या संकेतस्थळाला भेट दिली, हे त्याला बहुतेक वेळा कळतेच.

व्हीपीएन फोनमधून निघणारी सगळी वाहतूक सांकेतिक रूपात स्वतःच्या सर्व्हरपर्यंत नेते. त्यामुळे मोबाइल कंपनीला किंवा हॉटेलच्या वायफायला भेट दिलेली संकेतस्थळे दिसत नाहीत. ती माहिती आता व्हीपीएन कंपनीकडे जाते. थोडक्यात, विश्वास ठेवावा लागतोच; फक्त ज्याच्यावर ठेवायचा तो माणूस बदलतो. शिवाय फेसबुक किंवा जीमेलमध्ये लॉगिन केले, की पत्ता कोणताही असो, ओळख वापरकर्त्याने स्वतःच सांगितलेली असते.

मोफत ॲपमध्ये धोका काय?

मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘९११ एस५’ हे जाळे मोडून काढल्याचे जाहीर केले. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन यांसारखी मोफत ॲप घेणाऱ्यांच्या संगणकांचा नकळत प्रॉक्सी म्हणून वापर होत होता. जगभरातील १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते या जाळ्यात होते आणि ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. फसवणूक करणारा तिसराच. नोंदीत मात्र घरी बसलेल्या सामान्य माणसाचा पत्ता. स्वतःची ओळख लपवायला घेतलेले ॲप दुसऱ्याचा गुन्हा आपल्या दारात आणून ठेवू शकते, ते असे.

भारतात नियम काय आहेत?

देशात व्हीपीएन वापरण्यावर सरसकट बंदी नाही. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत मात्र प्रशासनाने तात्पुरते बंदी आदेश काढले आहेत. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते, संपर्क क्रमांक, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारण किमान ५ वर्षे जपून ठेवण्याचे निर्देश दिले. सायबर गुन्ह्यांच्या तपासासाठी ही माहिती हवी, अशी सरकारची भूमिका होती. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातील सर्व्हर काढून घेतले.

प्रोग्रामरची मदत मागताना ओळख कशी फुटते?

याचे गाजलेले उदाहरण ‘सिल्क रोड’ या अमली पदार्थांच्या ऑनलाइन बाजाराचे. तो चालवणारा रॉस उल्ब्रिक्ट आपली ओळख लपवण्यासाठी ‘टॉर’ वापरत होता. मार्च २०१२ मध्ये त्याने ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर टॉरमधील छुप्या सेवेशी पीएचपीतून जोडणी कशी करायची, असा प्रश्न विचारला आणि तोही खऱ्या नावाने. मिनिटभरात त्याने नाव बदलून ‘फ्रॉस्टी’ केले. पण जुनी नोंद मिटली नव्हती आणि हेच टोपणनाव पुढे सर्व्हरवरच्या किल्लीतही सापडले. इतर धाग्यांसोबत हा धागाही जुळला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याला अटक झाली. तंत्रज्ञान हरले नव्हते. मदत मागताना माणूस स्वतःबद्दल बोलून गेला होता.

उल्ब्रिक्ट गुन्हेगार होता, पण चूक कोणाकडूनही होते. प्रकल्पाचा कोड अडला, की विद्यार्थी तो जसाच्या तसा टाकून मदत मागतात. त्यात पासवर्ड, एपीआय की, संगणकावरचे स्वतःचे नाव, कधी खऱ्या लोकांचे मोबाइल क्रमांकही राहून जातात. नंतर पोस्ट सुधारली, तरी आधीची आवृत्ती इतिहासात राहू शकते. गिटहबवर सार्वजनिक झालेल्या किल्ल्या शोधणारे स्वयंचलित प्रोग्राम सतत फिरत असतात.

या प्रश्नाचा मंडणगडशी संबंध काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात आहे. १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारे कलम सुचवले होते. ३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत काझी सय्यद करिमुद्दीन यांनी तशाच आशयाची दुरुस्ती मांडली, तेव्हा ती स्वीकारायची तयारी आंबेडकरांनी दाखवली. ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच. पण पुढचे कायदेमंडळ ती रद्द करू शकते, म्हणून ती त्याच्या हाताबाहेर ठेवावी, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती मात्र फेटाळली गेली. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले.

२०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. ठरावीक सरकारी यंत्रणांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याची मुभाही या कायद्यात आहे. कागदपत्रांची जागा आता फोनने घेतली, पण ७५ वर्षांपूर्वीचा प्रश्न तोच आहे : नागरिकाचे संरक्षण कोणाच्या मर्जीवर असावे?

वापरकर्त्याने काय करावे?

बँक व्यवहार, आधार किंवा ओटीपी अनोळखी प्रॉक्सीतून कधीही पाठवू नये. मोफत व्हीपीएन घेण्यापूर्वी त्याचा खर्च कोण उचलते, हे पाहावे. कोडबद्दल मदत मागताना अडलेला तेवढाच भाग, खोटी नावे आणि खोटे क्रमांक घालून द्यावा. पासवर्ड किंवा किल्ली चुकून सार्वजनिक झालीच, तर पोस्ट पुसून थांबू नये. ती किल्ली रद्द करून नवी घ्यावी. प्रॉक्सी पत्ता झाकतो. नाव झाकायचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.